इमगबर्न: री-रायटेबल सीडीवर डिस्क इमेज लिहिताना येणाऱ्या चुकांचा माग काढणारी प्रणाली

जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, डाळ मिल, भुईकाटे आणि केळीच्या फ्रूटसेल सोसायट्यांची जुनी कार्यालये यांमध्ये ज्यांचा बायोस (यंत्र सुरू करणारी मूळ प्रणाली) यूएसबीवरून सुरू होणे जाणत नाही, असे संगणक खानदेशात आजही रोजचे काम करीत आहेत. भुईकाट्याची जुनी प्रणाली विंडोज ९८ किंवा एक्सपीवरच चालते, तिचे कार्ड नव्या मदरबोर्डात बसत नाही आणि हंगाम ऐन भरात असताना मालकाला यंत्र बदलण्याची सवड नसते. अशा यंत्राची मेमरी तपासायची असो, हार्ड डिस्कची प्रत काढायची असो की एखादी छोटी लिनक्स प्रणाली चालवून हिशेबाच्या फाइली वाचवायच्या असोत, सीडीवरून यंत्र सुरू (बूट) करण्याखेरीज मार्ग राहत नाही. या कामासाठी एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीपेक्षा री-रायटेबल सीडी सोयीची पडते, कारण आज मेमरी तपासणीची इमेज (पूर्ण चकतीची एका फाइलीत साठवलेली हुबेहूब प्रत), उद्या डिस्कची प्रत काढणाऱ्या क्लोनझिलाची आणि परवा टायनी कोअर या छोट्या लिनक्सची, असे एकाच चकतीवर आलटून पालटून लिहिता येते. मात्र ही चकती साध्या सीडीच्या मानाने फार हळवी असते. तिच्यावर इमेज लिहिताना येणाऱ्या चुका अनेक प्रकारच्या असतात आणि दुकानात मात्र त्या सर्वांवर ‘चकती खराब आहे, दुसरी घ्या’ हे एकच उत्तर मिळते.

हे परीक्षण इमगबर्न या मोफत प्रणालीचे आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील अशाच जुन्या यंत्रांच्या देखभालीत मी ती बराच काळ वापरत आहे. इमेज सीडीवर उतरवून देणाऱ्या प्रणाल्या पुष्कळ आहेत आणि विंडोज ७ पासून तर ही सोय खुद्द विंडोजमध्येच आहे. इमगबर्नची खरी किंमत लेखन फसते तेव्हा कळते, कारण दोष चकतीचा, ड्राइव्हचा, केबल व वीजपुरवठ्याचा की मुळात इमेजचाच, हे ठरवण्यापुरता पुरावा ती आपल्यासमोर ठेवते. तो पुरावा वाचायचा कसा, हे कळल्याशिवाय तिचा अर्धाच उपयोग होतो, म्हणून येथे त्यावरच अधिक लिहितो.

प्रणालीची ओळख थोडक्यात पुरेल. तिची अखेरची आवृत्ती २.५.८.० ही असून ती २०१३ मध्ये आली. त्यानंतर नवी आवृत्ती नाही. विंडोज ९५ पासून ८.१ पर्यंतच्या सर्व आवृत्त्यांसाठी ती बनवलेली आहे, विंडोज १० आणि ११ वरही ती विनातक्रार चालते आणि लिनक्सवर वाइनच्या (विंडोजच्या प्रणाल्या लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीच्या) मदतीने चालवता येते. आयएसओबरोबरच बिन-क्यू, एनआरजी, एमडीएस, सीसीडी असे इमेजचे इतर प्रकारही ती ओळखते. उघडताच सहा मोठे पर्याय दिसतात; त्यांपैकी इमेज डिस्कवर लिहिणे आणि डिस्क पडताळणे हे दोनच आपल्या कामाचे. बसवताना मात्र सावध राहावे, कारण या आवृत्तीच्या इन्स्टॉलरबरोबर जाहिरातबाजीची जोडप्रणाली येत असे आणि आजही कोणत्या ठिकाणावरून फाइल उतरवली यावर ते अवलंबून आहे. प्रत्येक पडदा वाचून नको त्या खुणा काढाव्यात. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करीत सुटण्याची सवय येथे महागात पडते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. लिहिण्याच्या खिडकीत उजव्या बाजूला एक पट्टा असतो आणि बहुतेक लोक त्याकडे बघतही नाहीत. चकती आत सरकवली की तो ड्राइव्हचे नाव, चकतीचा प्रकार, ती रिकामी आहे की भरलेली, पुसता येण्याजोगी आहे की नाही, तिच्यावर किती सेक्टर (२०४८ बाइटचे कप्पे) मावतात आणि हा ड्राइव्ह ही चकती कोणकोणत्या वेगाने लिहू शकतो, हे सर्व दाखवतो. यातील शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. री-रायटेबल सीडीचे वेगानुसार वेगवेगळे वर्ग आहेत: १९९७ च्या सुमारास आलेल्या पहिल्या चकत्या चारपटीपर्यंतच्या वेगाच्या, त्यानंतरच्या हाय स्पीड चकत्या साधारण चार ते बारापटीच्या आणि पुढे अल्ट्रा स्पीड चकत्या सोळा ते चोवीसपटीच्या. चकतीच्या छापील बाजूवर हे शब्द बारीक अक्षरांत लिहिलेले असतात. जो ड्राइव्ह अल्ट्रा स्पीड वर्ग येण्याआधी बनला, तो ही नवी चकती वाचू शकला तरी तिच्यावर लिहू शकत नाही. कारण त्या वर्गाला लागणारी लेसरची लय त्याला ठाऊकच नसते. अशा वेळी विंडोज फार तर ‘लिहिण्याजोगी डिस्क घाला’ असे म्हणत राहते आणि माणूस चकती काढून, पुसून, पुन्हा घालत बसतो. इमगबर्नच्या पट्ट्यात मात्र लिहिण्याच्या वेगांची ओळ रिकामी किंवा विसंगत दिसली की घोटाळा तेथेच लक्षात येतो आणि पुढचा वेळ वाचतो.

यातूनच एक रूढ सल्ला तपासून घ्यावा लागतो. ‘सीडी नेहमी सर्वांत कमी वेगाने मारावी’ हे आपल्याकडे प्रत्येक संगणकवाला सांगतो. एकदाच लिहिल्या जाणाऱ्या सीडीच्या बाबतीत त्यात थोडे तथ्य आहे, परंतु री-रायटेबल चकतीला जशी वेगाची वरची मर्यादा असते तशी खालचीही असते. हाय स्पीड चकतीवर दुपटीच्या वेगाने लिहायला सांगितले तर ड्राइव्ह ती आज्ञा मानत नाही, स्वतःला जमेल तो वेग घेतो आणि प्रत्यक्षात कोणता वेग लागू झाला हे इमगबर्नच्या लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, उमटते. म्हणून वेगाच्या चौकटीत मनाने आकडा न टाकता पट्ट्यात दिसणाऱ्या वेगांपैकीच एक निवडावा; चार आणि दहा असे दोन दिसत असतील आणि दहाने चूक येत असेल तर चार घ्यावा, एवढेच. एकपट म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट, हे लक्षात घेतले तर चारपटीने पूर्ण चकती लिहायला सुमारे वीस मिनिटे लागतात आणि दहापटीने आठ. तपासणीच्या छोट्या इमेजला तर या फरकाने काहीच बिघडत नाही.

सर्वांत छळणारी चूक पॉवर कॅलिब्रेशनची, म्हणजे लेसरची शक्ती ठरवण्यातली. ती समजण्यासाठी चकतीच्या पोटात काय चालते ते थोडे पाहणे आवश्यक आहे. री-रायटेबल सीडीत रंगद्रव्याऐवजी चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. लेसरने त्याचा ठिपका साधारण ५०० ते ७०० अंशांपर्यंत तापवून वितळवला आणि तो झटक्यात थंड झाला की तेथील रचना विस्कळीत राहते व तो ठिपका कमी चमकतो. तोच ठिपका २०० अंशांच्या आसपास थोडा वेळ ठेवला की स्फटिक पुन्हा जुळतात आणि लिहिलेले पुसले जाते. म्हणजे लिहिणे आणि पुसणे हा सगळा लेसरच्या शक्तीचा नेमका हिशेब आहे. म्हणूनच प्रत्येक लेखनाआधी ड्राइव्ह चकतीच्या अगदी आतल्या कडेला वेगवेगळ्या शक्तीने चाचणी घेऊन योग्य शक्ती ठरवतो. ही चाचणीच जमली नाही की पॉवर कॅलिब्रेशनची चूक येते, तीही लेखन सुरू होण्याच्या क्षणी, एक अक्षरही लिहिले न जाता. चूक केव्हा आली ही वेळच येथे मोठा पुरावा आहे आणि इमगबर्नच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीआधी घड्याळाची वेळ असल्याने तो आपोआप नोंदला जातो.

या चुकीमागे चकती असू शकते, तिच्या आतल्या कडेवरचा हाताचा ठसा असू शकतो, म्हातारा झालेला लेसर असू शकतो किंवा लेन्सवरची धूळ असू शकते. जिनिंगच्या आवारात कापसाचा तंतू आणि नंदुरबारच्या बाजूला मिरचीची बारीक पूड संगणकाच्या पंख्यातून आत जाऊन सर्वत्र बसते, त्यामुळे आपल्याकडे लेन्सचा संशय नेहमीपेक्षा लवकर घ्यावा. चकती मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसावी, गोल गोल कधीच नाही. परंतु माझ्या अनुभवात यांहून अधिक वेळा दोषी ठरतो तो यूएसबीचा वीजपुरवठा. आज लोक बाहेरून जोडायचा पातळ ड्राइव्ह वापरतात, त्याला वेगळे अडॅप्टर नसते आणि यूएसबी २.० च्या नियमानुसार एका पोर्टवरून ५०० मिलिअँपिअरच मिळण्याची हमी असते. चकती फिरवणे आणि लेसर पूर्ण शक्तीने पेटवणे ही दोन्ही कामे एका वेळी आली की ड्राइव्हची भूक त्यापलीकडे जाते. वाचताना कमी वीज लागते, म्हणून तोच ड्राइव्ह सीडी बिनतक्रार वाचतो आणि लिहिताना मात्र दर वेळी अडतो. वापरणाऱ्याला साहजिकच वाटते की ड्राइव्ह चांगला आहे आणि चकतीच वाईट. पुढच्या बाजूचा पोर्ट सोडून मदरबोर्डाच्या मागच्या पोर्टात केबल घालणे, दोन तोंडांची केबल वापरणे किंवा स्वतःचे अडॅप्टर असलेल्या हबवर जोडणे, यांपैकी एकाने बहुधा काम होते. जर लेखनाच्या मध्येच यंत्र काही काळ थांबून सेमाफोरची मुदत संपल्याचा (ड्राइव्हने वेळेत उत्तर न दिल्याचा) निरोप आला, तर तो जवळजवळ नेहमी यूएसबीच्या जोडणीचा किंवा ड्राइव्हच्या आतल्या रूपांतरक पट्टीचा दोष असतो. तेथे चकत्या बदलत राहण्यात अर्थ नाही.

जुन्या डेस्कटॉपमधील आयडीई (रुंद पट्टीच्या केबलने जोडलेल्या) ड्राइव्हची तऱ्हा निराळी आहे. विंडोज एक्सपीला त्या जोडणीवर डेटा देवाणघेवाणीच्या चुका वारंवार आढळल्या, तर ती डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा नेणारी वेगवान) पद्धत सोडून गुपचूप संथ अशा पीआयओ पद्धतीवर उतरते आणि आपणहून परत वर येत नाही. मग लेखन सुरू तर होते, पण बफरची (लिहिण्याआधी डेटा तात्पुरता साठवण्याच्या जागेची) पट्टी सतत खालीवर होते, संगणक गोगलगाय होतो आणि ठरलेला वेग कधीच गाठला जात नाही. २००० साली सान्योने आणलेल्या बर्न-प्रूफ तंत्रामुळे बफर रिकामे झाले तरी चकती वाया जात नाही, हे खरे. मात्र लेखन पुन्हा पुन्हा थांबून जोडले गेले तर जुन्या वाचकाला अशा जोडाच्या जागा जड जाऊ शकतात. इमगबर्नमध्ये दोन्ही बफर, म्हणजे प्रणालीचे आणि ड्राइव्हचे, समोर दिसत असल्यामुळे हा रोग नजरेनेच ओळखता येतो. उपाय असा की डिव्हाइस मॅनेजरमधून ती आयडीई चॅनेलची नोंद काढून टाकावी आणि यंत्र पुन्हा सुरू करावे, म्हणजे विंडोज ती नव्याने शोधून डीएमए लावते. त्यानंतरही पुन्हा तेच झाले तर केबल बदलावी.

चकती ‘रिकामी नाही’ असा निरोप हा वरवर साधा दिसतो, पण त्यामागेही दोन वेगळी कारणे असू शकतात. व्हिस्टापासून विंडोज नवी चकती पाहिली की ती पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी प्लेअरमध्ये चालेल अशी, असे विचारते. पहिला पर्याय निवडला की चकती त्या पद्धतीने फॉरमॅट होते आणि तिच्यावर एकही फाइल नसली तरी ती तांत्रिकदृष्ट्या रिकामी राहत नाही. इमगबर्न अशी चकती पाहून पुसू का, असे स्वतःच विचारते आणि बहुतेकदा तेवढ्याने प्रश्न सुटतो. पुसण्याचे दोन प्रकार आहेत. झटपट पुसण्यात फक्त विषयसूचीचा भाग जातो, जुना मजकूर जागेवरच राहतो. संपूर्ण पुसण्यात सगळा मार्ग नव्याने साफ होतो आणि त्याला पूर्ण लेखनाइतकाच वेळ लागतो. रोजच्या कामाला झटपट पुरते. परंतु लेखन अर्धवट तुटले असेल, आणि भारनियमनाच्या फेऱ्यात किंवा वळवाच्या पहिल्या वाऱ्यात वीज गेल्यावर ते तुटणारच, तर चकती ना रिकामी ना भरलेली अशा अवस्थेत अडकते व तिला संपूर्णच पुसावे लागते. हेच न केल्यामुळे चांगल्या चकत्या कचऱ्यात जातात. पुसतानाच चूक आली तर तीच चकती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये, शक्य तर तिच्या वर्गाच्या काळातल्या जुन्या ड्राइव्हमध्ये, पुसून पाहावी. एका ड्राइव्हने नाकारलेली चकती दुसऱ्याने मुकाट स्वीकारणे ही नित्याची गोष्ट आहे. चकती सुमारे हजार वेळा लिहिता येते असे कंपन्या सांगतात, पण धूळ, ओरखडे आणि हाताळणी यांच्यामुळे तो आकडा गाठण्याआधीच ती थकते.

कधी कधी इमगबर्न लेखन सुरूच करीत नाही आणि ड्राइव्हवर पूर्ण ताबा मिळत नसल्याचे सांगते. तेव्हा माय कॉम्प्युटरची खिडकी, अँटिव्हायरस किंवा पूर्वी कोणी बसवलेली पॅकेट रायटिंगची (चकती पेन ड्राइव्हसारखी वापरू देणारी) जुनी प्रणाली त्या ड्राइव्हला धरून बसलेली असते. टूल्सच्या यादीत फिल्टर ड्रायव्हरांचा (विंडोज आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये बसणाऱ्या प्रणाल्यांचा) क्रम दाखवणारा एक पर्याय आहे. तेथे कोणकोणती प्रणाली मध्ये घुसली आहे ते नावानिशी दिसते. ही सोय इतर मोफत प्रणाल्यांत माझ्या पाहण्यात नाही.

इमेजचा दोष वेगळा काढणे त्या मानाने सोपे आहे, पण लोक ते करीत नाहीत. तालुक्याच्या गावी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवलेली फाइल मध्येच तुटते आणि ब्राउझर ती पूर्ण झाल्यासारखी दाखवतो. इमगबर्न फाइल उघडतानाच तिचा आकार २०४८ बाइटच्या पटीत आहे का आणि इमेजच्या आत नोंदवलेल्या सेक्टरांइतके सेक्टर खरोखर आहेत का, हे पाहते. कमी असतील तर इमेज छाटली गेल्याचा इशारा देते. हा इशारा मिळाल्यावरही ‘चालू ठेवा’ म्हणणारे मी पाहिले आहेत, आणि मग त्याच फाइलच्या पायी तीन चकत्या वाईट ठरतात. इशारा आला नाही तरी फाइल आतून बिघडलेली असू शकते, म्हणून वितरकाने दिलेली शा-२५६ची बेरीज (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) विंडोजच्या सर्टयुटिल आदेशाने जुळवून पाहावी. हे काम मिनिटाचे आहे. बिन आणि क्यू अशी जोडी असेल तर क्यू फाइल उघडावी, बिन नव्हे. इमेज बूट होणारी आहे की नाही हेही पट्ट्यातील फाइल सिस्टिमच्या ओळीत लिहिलेले असते. आणि आयएसओ फाइल उचलून चकतीवर नुसती कॉपी केली तर चकतीवर ती एकच फाइल दिसते आणि यंत्र तिच्यावरून कधीच सुरू होत नाही. इमगबर्नमध्ये पहिला पर्याय योग्य निवडला तर ही गल्लत होण्यास वाव नाही.

आकाराचा हिशेब एकदाच समजून घ्यावा. ८० मिनिटांच्या चकतीवर सेकंदाला ७५ सेक्टर या दराने ३,६०,००० सेक्टर, म्हणजे ७३ कोटी ७२ लाख ८० हजार बाइट मावतात. ७४ मिनिटांच्या जुन्या चकतीवर त्याहून सुमारे ५५ दशलक्ष बाइट कमी. उबुंटूच्या डेस्कटॉप इमेजने १२.१० या आवृत्तीपासूनच सीडीची मर्यादा ओलांडली आहे आणि डेबियनने २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले आहे, तेव्हा जुन्या पेंटियमसाठी इमेज निवडतानाच बघून घ्यावे. चौसष्ट बिटची इमेज उत्तम लिहिली गेली, उत्तम पडताळली गेली आणि बत्तीस बिटच्या यंत्राने ती नाकारली, तर त्यात ना चकतीचा दोष ना इमगबर्नचा.

लेखनानंतरची पडताळणी बंद करू नये, हा माझा आग्रह आहे. तीत प्रणाली चकतीवरील प्रत्येक सेक्टर वाचून मूळ इमेजशी ताडून पाहते. येथे दोन प्रकारच्या चुका वेगळ्या समजाव्यात. वाचताच येत नसल्याची चूक आली तर लेखन कमजोर आहे, म्हणजे वेग, चकती किंवा लेसर यांपैकी काहीतरी बिघडले आहे. वाचता येते पण मजकूर जुळत नाही, अशी चूक आली तर संशय संगणकाच्या मेमरीवर किंवा केबलवर घ्यावा, कारण चकतीवरील दुरुस्तीची व्यवस्था चुकीचा मजकूर सहसा बिनबोभाट पुढे जाऊ देत नाही. हा भेद विंडोजच्या अंगभूत प्रणालीत कधीच कळत नाही. तिच्यात वेग निवडता येत नाही, लॉग मिळत नाही आणि चूक आली की एक गुळगुळीत वाक्य समोर येते. पडताळणीआधी इमगबर्न ट्रे बाहेर काढून पुन्हा आत घेते. मोठ्या ड्राइव्हमध्ये ते आपोआप होते, पण पातळ ड्राइव्हला ट्रे आत ओढता येत नाही, त्यामुळे आपण चहाला गेलो तर परत येईपर्यंत ती हात लावण्याची वाट बघत थांबलेली असते. सेटिंगमध्ये ही सवय बंद करता येते.

पडताळणी निर्दोष झाली आणि तरीही भुईकाट्याच्या यंत्राने चकती ओळखली नाही, तर कारण बहुधा चमकेत असते. छापील सीडी पडलेल्या प्रकाशापैकी सत्तर टक्के किंवा अधिक परत पाठवते, री-रायटेबल चकती मात्र पंधरा ते पंचवीस टक्केच. १९९७ च्या आधी बनलेल्या अनेक ड्राइव्हांना एवढ्या मंद प्रकाशावर वाचताच येत नाही, आणि नंतरच्या ड्राइव्हांचीही लेन्स मळली किंवा लेसर क्षीण झाला की ते साधी सीडी वाचतात पण ही नाकारतात. तीच इमेज एकदाच लिहिण्याच्या सीडीवर उतरवून त्या यंत्रात घालावी. ती चालली तर दोष वाचणाऱ्या ड्राइव्हकडे आहे हे सिद्ध होते. या कामासाठी मी पिशवीत दोन्ही प्रकारच्या चकत्या ठेवतो.

चकत्यांविषयी थोडे. मोझरबेअरच्या चकत्या एके काळी खानदेशातल्या प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात मिळत. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली आणि तेव्हापासून री-रायटेबल सीडी शोधूनच आणावी लागते. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये विचारले तर दुकानदार वरच्या फळीवरून एखादे जुने खोके काढून देतो किंवा मागवून देतो. जुना साठा घेताना सीलबंद असण्यापेक्षा तो कुठे ठेवला होता हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण आपल्याकडे वैशाखात पत्र्याच्या गोदामात चकत्यांचा गठ्ठा वाकण्याइतकी उष्णता असते. सपाट काचेवर ठेवून कडेने प्रकाश दिसतो का ते पाहावे. वाकलेल्या चकतीवर लेखन मध्यभागी नीट होते आणि बाहेरच्या कडेकडे चुका वाढतात; पडताळणी नेमकी शेवटच्या भागातच फसत असेल तर हेच कारण आधी तपासावे.

इमगबर्नचे दोषही सांगितले पाहिजेत. तिचे निरोप ड्राइव्हच्या भाषेतले आहेत आणि नवख्या माणसाला त्यांतून अर्थबोध होत नाही. ‘पॅरामीटर यादीतील चुकीचे क्षेत्र’ अशा धर्तीचा निरोप वाचून कोणाला कळावे की ड्राइव्हला तो वेग मान्य नाही? ती कारणे सांगत नाही, फक्त लक्षणे नोंदवते. तिच्या सेटिंगांच्या पानांत माणूस हरवतो, जरी सुदैवाने मूळ सेटिंगे शहाणपणाने निवडलेली आहेत आणि त्यांना हात लावावा लागत नाही. मदतीची पाने मराठीत नाहीत, हिंदीतही नाहीत. चूक आल्यावर ती पुन्हा प्रयत्न करायचा का असे विचारते आणि तेथे बटण दाबत राहणे व्यर्थ असते. पहिल्या नकारानंतर रद्द करून लॉग जतन करावा.

लिनक्स वापरणाऱ्यांना इमगबर्नची गरज नाही, त्यांच्याकडे केथ्रीबी ही सीडी लिहिणारी प्रणाली आहे आणि तिच्या मागे सीडीरेकॉर्ड किंवा वोडिम चालते. तेथील एक खोडी मात्र ठाऊक असावी. ट्रॅक-अॅट-वन्स (एकेक ट्रॅक सुटा लिहिण्याच्या) पद्धतीने लिहिलेल्या चकतीच्या शेवटी दोन जास्तीचे सेक्टर असतात, ते डेटा म्हणून वाचता येत नाहीत आणि पूर्ण ड्राइव्ह वाचून बेरीज जुळवू गेले की अखेरीस वाचनाची चूक येते, जरी इमेज चोख लिहिली गेली असली तरी. डिस्क-अॅट-वन्स (सगळी चकती एका दमात लिहिण्याची) पद्धत निवडावी किंवा इमेजच्या लांबीएवढेच सेक्टर वाचून ताडून पाहावेत.

ज्यांना वर्षातून एखादी सीडी लिहायची आहे त्यांनी विंडोजमधील सोय वापरावी, त्यांना हा सगळा पसारा नको. ज्यांच्या गावात अजून जुनी यंत्रे आहेत आणि ज्यांना शेजारच्या तालुक्यात एका चकतीवर भरवसा ठेवून जावे लागते, त्यांच्यासाठी माझी शिफारस इमगबर्नचीच आहे. बसवल्यावर पहिले काम म्हणून हाताशी असलेल्या प्रत्येक री-रायटेबल चकतीची उजवीकडच्या पट्ट्यातील माहिती पाहून तिच्या छापील बाजूवर मार्करने वर्ग आणि चालणारे वेग लिहून ठेवावेत. मार्कर मऊ टोकाचा आणि पाण्याच्या शाईचा असावा, कारण चमकणारा थर त्याच बाजूला लाखेच्या पातळ लेपाखाली असतो.